रॅमचं टायमिंग कसताना

मालवणात मे महिन्यातली दुपार म्हणजे खोलीत ३३-३४ अंश. रॅमचं टायमिंग, म्हणजे डेटा द्यायला ती किती क्लॉक सायकल घेते ते आकडे, कमी केलं की चाचणी तेव्हाच घ्या. पहाटे टिकलेलं सेटिंग दुपारी कोसळू शकतं.

बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंग मेनूत) आधी एक्सएमपी, म्हणजे रॅमचं तयार वेगवान सेटिंग, चालू करा. डीडीआर४ प्रकारची रॅम असेल तर वेग ३२००, सीएल (मुख्य टायमिंग) १६ आणि १.३५ व्होल्ट, इथून सुरुवात बरी. मग एका वेळी टायमिंगचा एकच आकडा कमी करा. एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर बायोसमधला गिअर डाउन मोड चालू असेल तर सीएल १५ दिलं तरी १६च लागतं, हे बरेच जण विसरतात.

नुसता वेग वाढवून भागत नाही: ३६०० सीएल १८ची लेटन्सीही (डेटा मिळायला लागणारा वेळ) १० नॅनोसेकंदच, ३२०० सीएल १६इतकीच.

प्रत्येक बदलानंतर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पूर्ण चालवा. एकही एरर चालणार नाही, फाइली नकळत बिघडतात. एरर आलीच तर आधी रॅमच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आमच्या खाऱ्या हवेचा दोष उगाच टायमिंगच्या माथी नको.