सह्याद्रीच्या ओढ्यातले कीटक कसे पाहावेत

सह्याद्रीतल्या ओढ्याकाठी आपली नजर चतुर आणि टाचण्यांच्या (चतुराच्या सडपातळ भाऊबंदांच्या) मागे धावते. पण या कीटकांचे बरेचसे आयुष्य पंख फुटण्याआधी पाण्यात, दगडांच्या आडोशाला जाते, तेव्हा शोध तिथूनच सुरू करावा.

पाऊस ओसरल्यावरचे, ऑक्टोबर ते डिसेंबरचे दिवस यासाठी उत्तम, कारण भर पावसात डोंगरावर सर कोसळली की ओढा बघता बघता चढतो आणि उन्हाळ्यात कित्येक ओढे आटतात. अभयारण्यात जायचे असल्यास वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. पांढरे ताट, चहाची गाळणी, मऊ कुंचला आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग एवढे सामान पुरते. हाताला डास पळवणारे मलम मात्र लावू नये.

प्रवाहाच्या उलट दिशेने वर सरकत जावे, म्हणजे आपण ढवळलेला गाळ पुढच्या जागेवर येत नाही. उथळ, खळाळत्या पाण्यातला मुठीएवढा दगड निवडून, प्रवाहाच्या खालच्या बाजूला गाळणी धरून तो हळूच उचलावा आणि थोडे पाणी घातलेल्या ताटात उलटा ठेवावा. आधी काहीच दिसत नाही. मग दगडाचा एखादा पापुद्राच सरकल्यासारखा वाटतो: ते बहुधा मेफ्लाय या कीटकाचे चपटे पिल्लू असते. पुष्कळजण शेपट्या मोजून ओळख ठरवतात, आणि तिथेच फसतात. मेफ्लायला सहसा तीन शेपट्या असल्या तरी काही जातींना स्टोनफ्लाय या दुसऱ्या कीटकाच्या पिल्लाप्रमाणे दोनच असतात. खात्रीची खूण पायाच्या टोकाशी आहे. मेफ्लायच्या पिल्लाला प्रत्येक पायाला एकच नखी असते, स्टोनफ्लायला दोन; शिवाय मेफ्लायच्या पोटाच्या कडेने कल्ले असतात, आणि ते पुष्कळदा पानांसारखे हलताना दिसतात.

दगडाला वाळूच्या कणांची नळी चिकटलेली दिसली तर ती खरवडू नये. कॅडिसफ्लाय या कीटकाची अळी स्वतःच्या रेशमाने कण जोडून ते घर बांधते. टाचणीच्या पिल्लाच्या शेपटाला बहुधा तीन पानांसारखे कल्ले असतात, तर चतुराचे पिल्लू गुदद्वारातून पाणी सोडून झटक्यात पुढे सरकते.

पाहून झाले की ताटातले आणि गाळणीतले कीटक पाण्यात सोडावेत आणि दगड होता त्याच बाजूने, त्याच जागी ठेवावा. परतताना काठावरचे गवत आणि खडक न्याहाळावेत: चतुराची रिकामी कात तिथे घट्ट धरून बसलेली सापडते, आणि तिच्या फाटलेल्या पाठीतून लोंबणारे पांढरे दोरे म्हणजे त्याच्या श्वासनलिकांची अस्तरे.