तीन प्रकारे साठलेला ‘वऱ्हाड’ एकरूप कसा करावा

‘वऱ्हाड’ हा शब्द पडद्यावर सगळीकडे सारखाच दिसत असला, तरी डेटाबेसमध्ये तो तीन प्रकारे साठलेला असू शकतो, आणि मग एका रूपाने शोध घेतला की इतर रूपांतल्या नोंदी हाती लागत नाहीत. पहिल्या रूपात ‘ऱ’ हे एकच चिन्ह असते (युनिकोड या जागतिक अक्षर-संकेत यादीतला दशमान कोड २३५३). दुसऱ्यात ‘र’ (२३५२) आणि नुक्ता, म्हणजे अक्षराखालचे टिंब (२३६४), सुटे असतात. तिसऱ्यात ‘र’चा पाय मोडून (२३८१) पुढे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे जोडाक्षराचा आकार ठरवणारे चिन्ह (८२०५), टंकलेला असतो. लांबी मोजून पाहिल्यास अनुक्रमे ६, ७ आणि ७ असे उत्तर येते.

पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीच्या १३व्या आवृत्तीपासून (२०२०) यासाठी ‘नॉर्मलाइझ’ हे समतुल्य रूपे एकसारखी करणारे फंक्शन मिळते. मात्र डेटाबेसचे एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ असावे लागते. प्रथम ‘इज नॉट नॉर्मलाइझ्ड’ ही अट लावून सदोष नोंदी तपासाव्यात आणि त्याच अटीने तेवढ्याच ओळी अपडेट कराव्यात. स्तंभावर युनिक बंधन (एकच मूल्य दोनदा न चालण्याची अट) असेल, तर दोन नोंदी एकरूप होऊन अपडेट अडू शकते, म्हणून दुबार नोंदी आधीच निकाली काढाव्यात. रूप एनएफसी (सुटे भाग जोडून एक चिन्ह करणारे) निवडावे, आणि काही न सांगितल्यास तेच लागू होते. एनएफकेसी (वेगळ्या आकाराची चिन्हेही साधी करणारे रूप) नावा-पत्त्यांसाठी वापरू नये, कारण ते ‘मी²’मधल्या घातांकाचा साधा २ करून टाकते आणि मूळ अर्थच हरवतो.

एवढ्याने दुसरे रूप पहिल्यात मिसळते, पण तिसरे जसेच्या तसे राहते, कारण युनिकोडच्या नियमांत पहिले आणि तिसरे रूप समतुल्य नाहीत. येथे बहुतेकांची चूक होते: जॉइनर सरसकट पुसला जातो, आणि मग ‘र’ पुढच्या ‘ह’च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. म्हणून ‘रिप्लेस’ फंक्शनने २३५२, २३८१, ८२०५ हा सलग क्रमच शोधून त्याजागी २३५३, २३८१ ठेवावे. प्रत्येक चिन्ह ‘सीएचआर’ या कोडवरून चिन्ह देणाऱ्या फंक्शनने दिल्यास क्वेरी वाचताना अदृश्य चिन्हाचा घोटाळा होत नाही. ‘अॅ’चे एकसंध चिन्ह आणि ‘अ’ला चंद्र जोडून केलेले रूप यांनाही असाच स्वतंत्र ‘रिप्लेस’ लागतो.

हे दोन्ही संस्कार एका फंक्शनमध्ये बांधून ते ट्रिगरमधून (नोंद होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञेतून) प्रत्येक नव्या नोंदीवर चालवावे, आणि शोधासाठी येणारा शब्दही त्याच फंक्शनमधून नेल्यावरच तुलनेला घ्यावा.