सहा तिकिटं आणि रोज हलणारे दर: जायंट्सचा सामना खिशाला परवडेल असा कसा पाहावा

उन्हाळ्यात आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे सनीव्हेलला आले की सॅन फ्रान्सिस्कोत ओरॅकल पार्क मैदानावर जायंट्स या तिथल्या बेसबॉल संघाचा एक तरी सामना बघायचा, हा घरचा नेम आहे. आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई-बाबा. सहा तिकिटं घ्यायची म्हटलं की दरातला थोडासा फरकही मोठा होऊन बसतो. तिकिटामागे २५ डॉलर जास्त गेले, तर घरातून १५० डॉलर गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या या बे एरियात नव्याने आलेल्या मैत्रिणी दरवर्षी विचारतात, 'अगं, तीच खुर्ची मंगळवारी एवढी स्वस्त आणि शनिवारी एवढी महाग कशी काय?' म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

दर का हलतात हे कळलं की निम्मं काम झालं. मोसम सुरू होण्याआधीच सामन्यांचे गट पाडायचे आणि गर्दीच्या गटाला जास्त दर लावायचा, ही पद्धत अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये आधीपासून होती. जायंट्स त्याच्याही पुढे गेले. २००९मध्ये त्यांनी सुमारे २,००० खुर्च्यांचे दर मागणी बघून बदलते ठेवले आणि २०१०मध्ये हीच रीत सगळ्या मैदानाला लावली. तेव्हापासून मोसम चालू असतानाही दर वर-खाली होतात. त्यांचं म्हणणं असं, की चांगल्या सामन्याची तिकिटं लोक आमच्याकडून घेऊन स्टबहबसारख्या, तिकिटं पुन्हा विकायच्या साइटवर चढ्या भावाने विकतातच, मग तो वरचा पैसा आम्हाला का मिळू नये? हा हिशेब मला समजतो. पटतो किती, ते शेवटी सांगते.

पहिलं काम म्हणजे वेळापत्रक समोर घेऊन बसणं. मोसमात १६२ सामने, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. एवढ्या सामन्यांत स्वस्त दिवस नसतील असं होतच नाही, फक्त महागडे दिवस ओळखून आधी बाजूला काढायचे. लॉस एंजेलिसचे डॉजर्स येणार असतील तो प्रत्येक दिवस महाग. हे दोन्ही संघ न्यूयॉर्कहून १९५८मध्ये कॅलिफोर्नियात आले, वैर मात्र तिथलंच घेऊन आले. त्यात डिसेंबर २०२३मध्ये ओहतानी हा जपानी तारा खेळाडू डॉजर्सकडे गेला, त्याला बघायलाही माणसं येतात. न्यूयॉर्कचा यांकीज हा नावाजलेला संघ इथे एक वर्षाआड येतो, त्यामुळे त्यांचे दिवसही तसेच. मग शुक्रवार-शनिवारच्या रात्री, शाळांच्या सुट्ट्या, आतषबाजीची रात्र, आणि खेळाडूची मान हलवणारी बाहुली वाटतात तो दिवस. बाहुलीसाठी मुलं हट्ट धरतात, पण तिचे पैसे तिकिटातच घेतलेले असतात. ती फुकट मिळते असं समजू नका.

उरतात ते एप्रिल-मेमधले सोमवार ते गुरुवार, आणि मार्लिन्स किंवा रॉकीजसारख्या संघांचे सामने. माझा कल मधल्या वारच्या दुपारच्या सामन्याकडे असतो, पावणेएकचा. अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागते, पण आई-बाबांसाठी तीच वेळ योग्य. रात्री खाडीवरून असा वारा सुटतो की जुलैतही स्वेटर आणि शाल लागते. सांगलीच्या उन्हातून आलेल्या माणसाला आधी सांगितलं तरी हे खरं वाटत नाही. आणि ज्यांना बेसबॉल पहिल्यांदा बघायचा आहे, त्यांना समोर डॉजर्स आहेत की मार्लिन्स याने काहीही फरक पडत नाही. चेंडू तेवढाच लांब जातो.

दुसरं काम तुलनेचं. एक विभाग पक्का करा. मी वरच्या मजल्यावरचा, होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या, मागचा भाग धरते. तिथून सगळं मैदान एका नजरेत येतं आणि पलीकडे खाडीही दिसते. आता त्याच विभागाचे दर चार-पाच तारखांना काय आहेत ते कागदावर उतरवा. सगळे खर्च धरूनची अंतिम रक्कमच लिहा. मे २०२५पासून अमेरिकेत तिकीट विकणाऱ्यांना सगळ्या शुल्कांसकट किंमत सुरुवातीलाच दाखवावी लागते, त्यामुळे हे आता सोपं झालंय. खुर्ची तीच ठेवली की फक्त तारखेची किंमत उघडी पडते. माझ्या मते यासारखी उपयोगाची गोष्ट दुसरी नाही, कारण एरवी आपण तारीख आधी ठरवतो आणि मग खुर्ची मागे-मागे नेत बसतो.

आता कधी घ्यायचं? लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण उत्तरं दोन आहेत आणि एकमेकांच्या उलट आहेत.

डॉजर्सचाच सामना बघायचा असेल, तर एकेका सामन्याची तिकिटं खुली होताच संघाकडूनच घ्या. असे दर सहसा चढतच जातात, आणि सहा खुर्च्या एका रांगेत शेवटच्या आठवड्यात मिळत नाहीत. साध्या सामन्याला मात्र थांबा. मोसमभराची तिकिटं आधीच घेतलेल्या लोकांना आपण फसलो असं वाटू नये, म्हणून संघ स्वतःचा दर सहसा एका पातळीच्या खाली नेत नाहीत. पण त्याच लोकांना एखाद्या बुधवारी यायला जमत नाही, आणि ते आपली तिकिटं सीटगीक, स्टबहबवर टाकतात. त्यांना खालच्या पातळीचं बंधन नाही. सामना सुरू झाला की रिकाम्या खुर्चीला काहीच मोल उरत नाही. संध्याकाळी मंडई उठताना मेथीच्या जुडीचं होतं, तसंच. म्हणून साध्या सामन्याचे दर आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी पाहावेत. दोन-तीन खुर्च्या कुठेही सुटतात, पण सहा हव्या असतील तर तीन-तीनच्या दोन रांगा, एकीमागे एक, अशा शोधा. मुलं आजी-आजोबांबरोबर पुढे, आपण मागे. आम्हाला तेच आवडतं.

तिकीट फोनवरच येतं, एमएलबी या बेसबॉल लीगच्या बॉलपार्क अ‍ॅपमध्ये. आई-बाबांची तिकिटं आपल्याच फोनवर ठेवा आणि सगळ्यांनी एकदमच आत जा. मैदानाबाहेर कोणी कागद किंवा फोटो दाखवून तिकीट विकत असेल तर घेऊ नका.

दर वाचवले तरी बाकी खर्च असतोच. गाडी नेऊ नका. कॅलट्रेनचं शेवटचं स्थानक मैदानापासून चालत जाण्याएवढं जवळ आहे. आत घरचं खाणं नेता येतं, सीलबंद पाण्याची बाटलीही. आमच्या डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असते.

तिकीट अजिबात घ्यायचंच नसेल, तरी एक वाट आहे. मैदानाच्या उजव्या बाजूच्या भिंतीखाली, पाण्याच्या बाजूने चालत गेलं की कमानींच्या जाळीतून सामना फुकट बघता येतो. गर्दी असेल तर तीन इनिंगनंतर (बेसबॉलच्या सामन्यात एकूण नऊ असतात) दुसऱ्यांना जागा द्यावी लागते. लहान मुलांना तेवढं पुरतं. २०००मध्ये सुरू झालेलं हे मैदान बांधताना ही जागा ठेवली, याबद्दल मला त्या माणसांविषयी मनापासून आदर आहे.

आणि म्हणूनच दरांबद्दल माझं मत ठाम आहे. शनिवारचं तिकीट महाग असावं, याला माझी हरकत नाही. पण प्रत्येक सामन्याला, डॉजर्सच्यासुद्धा, काही खुर्च्या न हलणाऱ्या दराने राखून ठेवायला हव्यात. ज्या घरात दोन मुलं आणि एकच पगार आहे, त्या घरातल्या पोरांनीही ओहतानीला एकदा समोर बघावं. हे अशक्य नाही. २०१६च्या फेब्रुवारीत लिव्हरपूल या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबने ७७ पौंडांचं तिकीट आणायचं ठरवलं, तेव्हा हजारो प्रेक्षक ७७व्या मिनिटाला उठून निघून गेले. त्या क्लबच्या मालकांनी माफी मागून दर मागे घेतले. बॉस्टनचा रेड सॉक्स हा बेसबॉल संघही त्याच मालकांचा. २०२६च्या विश्वचषकासाठी फिफाने भरमसाट दर लावले, ओरड झाली, आणि डिसेंबर २०२५मध्ये प्रत्येक सामन्याची थोडी तिकिटं ६० डॉलरला द्यायचं जाहीर करावं लागलं. म्हणून सामन्यानंतर संघाकडून ईमेलवर प्रश्नावली आली तर ती उडवून टाकू नका. दराच्या रकान्यात आपल्याला कुठला सामना बघायचा होता, किती जणांसाठी, आणि कुठल्या आकड्यापाशी आपण थांबलो, ते स्पष्ट लिहा. दर ठरवणाऱ्यांकडे विकल्या गेलेल्या तिकिटांचा हिशेब असतो. न घेतलेल्या तिकिटाचं कारण त्यांना आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.