तेलाची बाटली परदेशी पाठवताय? या चुका टाळा

परत आलेल्या खोक्यात काय झालंय ते उघडायच्या आधीच कळतं. पुठ्ठ्याचा खालचा कोपरा गडद झालेला असतो, टेप सुटलेली असते आणि खोलीभर माका-जास्वंदाचा वास पसरतो. मी पहिल्यांदा लंडनला पाठवलेल्या बारा बाटल्यांपैकी चार अशा अर्ध्या होऊन परत आल्या. काच एकही फुटली नव्हती आणि झाकणंही घट्टच होती. तेल गेलं होतं ते ड्रॉपरच्या रबरी टोपीखालून.

तेव्हापासून घरगुती केसांचं तेल, गुलाबपाणी, फेस सीरम करणाऱ्या मैत्रिणींना मी पॅकिंग आणि कागदपत्रांत मदत करते. एवढ्या मेहनतीनं कढवलेलं तेल वाटेत वाया जातं तेव्हा फार वाईट वाटतं. बहुतेक वेळा ते टाळता आलं असतं, म्हणून हे लिहिते आहे.

‘खोबरेलच आहे, त्यात काय पेटतंय!’

सगळ्यात जास्त पार्सलं इथेच अडतात. विमानानं माल पाठवताना कुरिअरवाले आधी फ्लॅश पॉइंट विचारतात, म्हणजे किती तापमानाला त्या द्रवाची वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते तो आकडा. हा आकडा 60 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी आला की द्रव ज्वलनशील, म्हणजे विमान वाहतुकीच्या नियमांत ‘वर्ग 3’ धरला जातो. साध्या खोबरेलाचा फ्लॅश पॉइंट 200 अंशांच्याही वर असतो, त्यामुळे नुसतं खोबरेल निर्धास्त जातं. पण हल्ली प्रत्येक तेलात रोझमेरी पडते. शुद्ध रोझमेरी तेल किंवा निलगिरी तेल पन्नास अंशांच्या आतबाहेरच पेट घेतं. त्याची 10 मिलीची छोटी कुपी ‘जोडीला भेट’ म्हणून खोक्यात टाकली की पूर्ण खोका धोकादायक मालात मोडतो. स्पिरिटमधला परफ्यूम, नेलपॉलिश, नेलपॉलिश रिमूव्हर हे तर उघडउघड ज्वलनशील आहेत. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत परफ्यूमला यूएन 1266 हा क्रमांक ठरलेला आहे. असा माल पाठवायला वेगळं पॅकिंग, वेगळं लेबल आणि धोकादायक माल घेणारं कुरिअर खातं लागतं. टपालानं तो पाठवताच येत नाही.

मग रोझमेरीचे थोडे थेंब घातलेल्या खोबरेलाचं काय? ते अंदाजानं ठरवू नका. तयार मिश्रण प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि त्याची एसडीएस, म्हणजे सेफ्टी डेटा शीट (मालाच्या सुरक्षिततेची माहिती देणारा कागद) बनवून घ्या. जुने लोक याच कागदाला एमएसडीएस म्हणतात. त्यात 16 विभाग असतात. कुरिअरचा माणूस नवव्या विभागात फ्लॅश पॉइंट बघतो आणि चौदाव्यात वाहतुकीची माहिती. इथे एक चूक वारंवार दिसते: कच्चं तेल विकणाऱ्या व्यापाऱ्याची एसडीएस जोडली जाते. ती त्याच्या मालाची असते. तुमच्या बाटलीत जे आहे, त्या तयार मालाची एसडीएस लागते आणि तिच्यावर तेच नाव हवं जे बाटलीवर आणि इन्व्हॉइसवर आहे. एसडीएसवर ‘हर्बल ऑइल’, बाटलीवर ‘केशवर्धक तेल’ आणि इन्व्हॉइसवर ‘सॅम्पल’ अशी तीन नावं दिसली की पार्सल बाजूला काढलंच म्हणून समजा.

बाटली उन्हात आणि फ्रिजमध्ये ठेवून पाहिलीत का?

विमानाच्या पोटात हवेचा दाब जमिनीपेक्षा बराच कमी असतो, साधारण आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा. बाटलीत अडकलेली हवा तिथे फुगते आणि तेलाला बाहेर ढकलते. ड्रॉपर, पंप आणि फ्लिप-टॉप यांना तो जोर सहन होत नाही. म्हणून परदेशी जाणारी बाटली साध्या स्क्रू झाकणाची असू द्या. आत इनर प्लग, म्हणजे झाकणाखालचं बूच, आणि तोंडावर ॲल्युमिनियमचं इंडक्शन सील, म्हणजे उष्णतेनं चिकटवलेला पातळ पत्रा लावा. ड्रॉपर सोबत सुटा द्या, गिऱ्हाईक घरी लावून घेईल.

दुसरी चूक म्हणजे गळ्यापर्यंत भरणं. ‘कमी दिसलं तर लोक काय म्हणतील’ या भीतीनं आपण काठोकाठ भरतो. खोबरेल 30 अंशांनी तापलं की शंभर मिलीमागे सुमारे दोन मिली वाढतं आणि मे महिन्यात गोदामात उभ्या असलेल्या गाडीत एवढं तापणं काहीच नाही. वर थोडी जागा मोकळी हवीच. त्यासाठी 100 मिली तेलाला 110 मिलीची बाटली घ्या, माप पूर्ण भरेल आणि जागाही राहील.

मी प्रत्येक नव्या बाटलीची परीक्षा घेते. भरलेल्या सहा बाटल्या जुन्या वर्तमानपत्रावर उलट्या करून दुपारभर गच्चीवर उन्हात ठेवते. मग रात्रभर फ्रिजमध्ये, पुन्हा उलट्याच. सकाळी कागद उजेडाकडे धरायचा. तेलाचा एवढासा ठिपकाही पारदर्शक होऊन चमकतो. ठिपका दिसला की त्या झाकणाचा पूर्ण लॉट परत जातो. या परीक्षेत विमानातला कमी दाब येत नाही, पण कच्चं झाकण बहुतेक वेळा इथेच पकडलं जातं.

खोका भरताना प्रत्येक बाटली वेगळ्या झिपलॉक पिशवीत घाला आणि पिशवीत टिश्यूची एक घडी ठेवा. एक गळली तरी बाकीच्या वाचतात. खोक्याचा आकारही बघा, कारण कुरिअर बहुधा लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 नं भागतं आणि येणारे किलो खऱ्या वजनाहून जास्त असले तर त्यांचे पैसे घेतं.

थंडीत आणखी एक फोन हमखास येतो: “ताई, तेल खराब झालंय, पांढरं पडलंय.” खोबरेल 24 अंशांच्या खाली गोठतं आणि टोरांटोच्या जानेवारीत ते दगड होणारच. ‘गोठल्यास बाटली कोमट पाण्यात ठेवा’ एवढी ओळ लेबलवर टाका. गुलाबपाण्याची गोष्ट वेगळी आहे. पाणी गोठताना फुगतं आणि काचेची बाटली तडकते, म्हणून ते कडक थंडीत पाठवूच नका.

‘केसगळतीवर रामबाण’ हे लेबलवर नको

आपल्याकडे हे शब्द सहज लिहिले जातात. अमेरिकेत मात्र ‘नवीन केस उगवतात’ असा दावा केला की ते तेल सौंदर्यप्रसाधन राहत नाही, औषध ठरतं, आणि औषधाची मंजुरी तुमच्याकडे नसते. तुमच्या वेबसाइटवरचा मजकूरही धरला जातो. ‘केसांना मऊपणा आणि चमक’ इथपर्यंत थांबा. घटकांची यादी आंतरराष्ट्रीय नावांनी रोमन लिपीत हवी: माका म्हणजे एक्लिप्टा प्रोस्ट्राटा, खोबरेल म्हणजे कोकोस न्युसिफेरा. कॅनडाला जाणाऱ्या लेबलवर इंग्रजीबरोबर फ्रेंचही लागतं.

युरोपचे नियम सगळ्यात कडक. तिथे विकायचं तर युरोपियन युनियनमध्येच राहणारी ‘जबाबदार व्यक्ती’ नेमावी लागते, सुरक्षा अहवाल करावा लागतो आणि सीपीएनपी या युरोपच्या प्रसाधन-नोंदणी पोर्टलवर नोंद करावी लागते. ब्रिटनसाठी हे सगळं पुन्हा वेगळं. बाजारातून आणलेल्या सुगंधात लिलियल नावाचं रसायन नाही ना, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. मार्च 2022 पासून युरोपात त्यावर बंदी आहे. एखाद्या भाचीला दोन बाटल्या पाठवणं आणि दुकानातून विकणं यांत कायद्यानं फरक आहे, पण दर महिन्याला वीस ‘भाच्यांना’ पार्सलं गेली की ते विकणंच ठरतं.

आपल्या बाजूचे कागद

राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना, आयुर्वेदिक म्हणून विकत असाल तर त्याचा वेगळा परवाना, परदेश व्यापार महासंचालनालयाकडचा आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक, आणि इन्व्हॉइसवर बरोबर एचएस कोड, म्हणजे कस्टमसाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा. केसांचं तेल 3305 खाली येतं, त्वचेची उत्पादनं 3304 खाली, परफ्यूम 3303 खाली.

किंमत खरी लिहा. पूर्वी अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतचं पार्सल शुल्काशिवाय जायचं. ती सवलत 29 ऑगस्ट 2025 पासून बंद झाली. त्यामुळे शुल्क कोण भरणार, तुम्ही की घेणारा, हे ऑर्डर घेतानाच सांगून टाका. दारात आलेल्या माणसानं अचानक पैसे मागितले की गिऱ्हाईक पार्सल नाकारतं आणि परतीचा खर्चही तुमच्यावर येतो.

कुणी ओळखीचं जातंय म्हणून त्यांच्या बॅगेतून द्यायचं असेल, तर हातातल्या बॅगेत एक बाटली 100 मिलीच्या वर चालत नाही. परफ्यूम आणि इतर प्रसाधनांसाठी चेक-इन सामानात एका बाटलीला 500 मिली आणि सगळं मिळून एका प्रवाशाला दोन लिटर ही मर्यादा आहे. तीही त्यांच्या स्वतःच्या वापरासाठी, तेव्हा विक्रीचा माल त्यांच्या गळ्यात घालू नका. कस्टममध्ये बॅग उघडली तर उत्तरं त्यांना द्यावी लागतात.