ट्रॅव्हल कार्ड की कॅशबॅक? या चुका टाळा

जुलैत रिटर्न भरायला आलेली माणसं कागद आवरता आवरता हळूच विचारतात, "भाऊ, कोणतं क्रेडिट कार्ड घेऊ? ते विमानवालं चांगलं म्हणतात." विमानवालं म्हणजे ट्रॅव्हल कार्ड, खर्चावर प्रवासाला वापरायचे पॉइंट देणारं; कॅशबॅकवालं खर्चाचा थोडा भाग पैशातच परत देतं. मी उलट विचारतो, "गेल्या वर्षी विमानात किती वेळा बसलात?" बहुतेक जण नुसते हसतात.

सगळ्यात मोठी चूक ही: प्रवास रेल्वेने आणि कार्ड विमानाचं. चोपड्याचा माणूस मुंबईला निघाला की जळगाव नाहीतर भुसावळला येऊन रात्रीची गाडी धरतो. जळगावला विमानतळ आहे, पण तिथून थेट विमानं मोजक्याच शहरांना. ट्रॅव्हल कार्डाचा पॉइंट खरा फळतो तो विमान कंपनीच्या किंवा हॉटेलच्या खात्यात वळवल्यावर. चांगल्या कार्डावर तिथे पॉइंटला रुपयाच्या आसपास भाव मिळू शकतो. तोच पॉइंट बिलात वळता केला तर अनेक कार्डांवर वीस-पंचवीस पैसे सुटतात. जाहिरातीत मात्र "पाचपट पॉइंट" एवढंच मोठ्या अक्षरात असतं. कशाच्या पाचपट, हे विचारायला कुणाला सवड नसते.

केळीच्या पट्ट्यातले एक कृषी केंद्रवाले दादा आहेत. मुलीचं लग्न ठरलं, जळगावला तीन लाखांचं सोनं घ्यायचं होतं. सराफ म्हणाला, कार्डावर दोन टक्के जादा. मी फोनवर सांगितलं, बँकेतून ट्रान्सफर करा. दादा म्हणाले, "पॉइंट भेटतीन ना भाऊ!" शिवाय तेवढ्या खर्चावर विमानाचं व्हाउचर मिळणार होतं.

आता हिशेब बघा. जादा गेले सहा हजार. त्यांच्या कार्डावर दीडशे रुपयांना चार पॉइंट, म्हणजे आठ हजार पॉइंट. पंचवीस पैशांनी दोन हजार रुपये. चार हजारांचा खड्डा तिथेच पडला. व्हाउचर आलं, पण त्या कंपनीचं विमान जळगावात उतरत नाही. मुदत संपेपर्यंत ते ईमेलमध्येच पडून राहिलं. खरी माती पुढेच झाली. लग्नाच्या धांदलीत दादांनी बिलाचा "किमान देय" आकडा भरला, पंधरा हजार. उरलेल्या दोन लाख पंच्याऐंशी हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे जवळजवळ दहा हजार व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी. व्याज खरेदीच्या तारखेपासून धरलं गेलं, आणि नंतर घेतलेल्या किराण्यालाही बिनव्याजी मुदत उरली नाही. ज्याला बिल पूर्ण भरणं जमत नाही, त्याने ट्रॅव्हल की कॅशबॅक हा वादच घालू नये. डेबिट कार्ड वापरावं.

कॅशबॅकवालेही शहाणे असतातच असं नाही. "पाच टक्के" वाचतात, महिन्याची मर्यादा वाचत नाहीत. मर्यादा हजाराची असेल तर वीस हजारांनंतरच्या खर्चावर पाच टक्के विसरा. घरभाडं, वॉलेटमध्ये पैसे भरणं, पेट्रोल हे बऱ्याच कार्डांवर वगळलेलं असतं. काहींवर विमा आणि दागिनेही. पेट्रोलचा अधिभार माफ होतो, त्याला लोक कॅशबॅक समजतात. तो पंपावर लागलेलाच पैसा परत येतो.

वार्षिक फी "फक्त पाच हजार" म्हणणाऱ्या पोराला मी कॅल्क्युलेटर देतो. जीएसटीसकट ५,९०० रुपये. एक टक्का परतावा धरला तर नुसती फी निघायला पाच लाख नव्वद हजार खर्चावे लागतील.

विमानतळावरच्या लाउंजसाठी, म्हणजे आरामात बसायच्या खोलीसाठी, कार्ड घेऊ नका. बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केल्याशिवाय दार उघडत नाही.

कार्डाने एटीएममधून रोख काढू नका. पहिल्या दिवसापासून व्याज, वर शुल्क वेगळं.

अमळनेरच्या बाजारात मशीन शोधत बसण्यापेक्षा रुपे क्रेडिट कार्ड घ्या. २०२२ पासून ते यूपीआयला जोडता येतं, दुकानदाराच्या क्यूआरवर चालतं. मेव्हण्याला उसने पाठवायला मात्र चालत नाही.

ट्रॅव्हल कार्ड कुणी घ्यावं? ज्याचं कामानिमित्त विमानाने जाणं-येणं आहे आणि ज्याला तिकिटं महिनोन्‌महिने आधी शोधायचा कंटाळा नाही. पोरगी जर्मनीला शिकते, तिच्याकडे जायचंय, अशांनी पॉइंटआधी फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार, बघावा. साडेतीन टक्के असेल तर जीएसटी धरून ४.१३ टक्के. एवढे पॉइंट साधं कार्ड देत नाही.

माझी पद्धत गावठी आहे. बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट छापून घ्यायचं, पेनाने प्रवासाच्या ओळींखाली रेघ मारायची. रेघा विमानाच्या निघाल्या तर ट्रॅव्हल, किराणा-मोबाइल-ऑनलाइनच्या निघाल्या तर कॅशबॅक. यूट्यूब बघून एका आठवड्यात चार कार्डांना अर्ज टाकणाऱ्यांना हे फार संथ वाटतं. प्रत्येक अर्जाची चौकशी क्रेडिट अहवालात (सिबिल वगैरे) नोंदली जाते, हे त्यांना होमलोनच्या वेळी कळतं.

नको असलेलं कार्ड ड्रॉवरमध्ये टाकून ठेवू नका, फी चढत राहते. बाकी शून्य करून लेखी अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सात कामाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं, नाहीतर बँकेने दिवसाला पाचशे रुपये द्यायचे. अर्जाची पोच तेवढी जपून ठेवा.