सणाचं अन्नदान कुठं फसतं? या चुका टाळा

गणपतीतल्या महाप्रसादाला पंगतींवर पंगती उठवणाऱ्या कोल्हापूरच्या मंडळांना आणि तालमींना दिवाळीत दोनशे गरजूंना जेवू घालणं अवघड नाही. आचारी ओळखीचा असतो, भांडी भाड्यानं मिळतात, वाढायला पोरं हौसेनं येतात. तरीही दरवर्षी कुठं भात टाकून द्यावा लागतो, तर कुठं माणसं उपाशी परततात. कारण बेत, जागा आणि वेळ या तिन्ही गोष्टी आपल्या सोयीनं ठरतात. आपल्याला सुट्टी कधी, पाहुणे नारळ फोडायला किती वाजता येणार, टेम्पो कुठं लागेल हे आधी बघितलं जातं. जेवणाऱ्याला विचारायचं राहूनच जातं.

सगळे एकाच दारात

लक्ष्मीपूजनाला सगळ्यांचे टेम्पो सीपीआरच्या, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या दाराकडं वळतात. भाऊबीज झाली की तिथं कुणी फिरकत नाही. खरी अडचण पाडव्याच्या आगेमागे असते, कारण त्या दिवसांत गाडे आणि लहान खानावळी बंद असतात. खिशात चाळीस रुपये असलेल्या माणसालाही गरम जेवण मिळत नाही. एसटी स्टँडवर झोपणारा, रोजच्या हमालीवर पोट असलेला माणूस तर दोन्हीकडून अडतो. काम बंद आणि गाडेही बंद. चार मंडळांनी आधी फोनाफोनी करून दिवस वाटून घेतले तर खर्च तेवढाच राहतो आणि आठवडा निघतो. एवढी साधी गोष्ट मानापमानापायी अडते, हे लिहायलाही नको वाटतं.

‘एका माणसाला एकच पाकीट’

रांगेत शिस्त राहावी म्हणून केलेला हा नियम दवाखान्याच्या दारात चुकीचा ठरतो. रुग्णाला आतून जेवण मिळतं, आबाळ होते ती सोबतच्या माणसाची. गडहिंग्लज, चंदगड, गगनबावड्याकडून आलेल्या घरची दोघं-तिघं असतात. एकजण खाली येतो, बाकीचे खाटेजवळून हलू शकत नाहीत. त्याला एकच पाकीट दिलं तर तो तेही न खाता वर घेऊन जातो. ‘मावशी, वर किती जण आहात?’ एवढं विचारावं आणि सांगतील तेवढं द्यावं. एखादा खोटं बोलून जास्त नेईल. नेऊ दे.

दुपारी बारा वाजता ऊसतोड मजुरांकडं

दिवाळीच्या आसपास गाळप हंगाम सुरू होतो आणि बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या आपल्या जिल्ह्यात उतरतात. त्यांना सणाचं जेवण द्यावं ही कल्पना चांगली, पण मंडळी भरदुपारी कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांवर जातात. तेव्हा तिथं लहान पोरं आणि त्यांना सांभाळणारी एखादी म्हातारी असते. नवरा-बायको पहाटेच फडात गेलेले असतात. जेवण संध्याकाळी न्यावं, पण तेही आधी मुकादमाला विचारून : ‘आज गाडी किती वाजता भरतीय?’ उसाची गाडी भरायला रात्र झाली तर तुमचं पातेलं थंड होत बसेल. वेळ जुळली तर दिवसभर कोयता चालवून आलेल्या बाईची त्या रात्रीपुरती चूल सुटते. नुसता भात नेऊ नका. बाजरी-ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या, अंगमेहनत करणाऱ्या माणसाचं त्यानं पोट भरत नाही. भाकरी, झणझणीत आमटी, वर खपली गव्हाची खीर असा बेत करा.

किती शिजवायचं?

अंदाजपंचे नको. शाळेच्या पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम धान्य आणि 30 ग्रॅम डाळ धरतात, दोन्ही कच्चं, न शिजवलेलं. कष्टकरी माणसासाठी हे कमीत कमी समजा. म्हणजे दोनशे माणसांना 30 किलो धान्य आणि 6 किलो डाळ. गोड पदार्थ भरपूर असेल तर भात थोडा कमी चालतो.

सकाळी शिजवून दुपारी वाटप

सगळ्यात धोक्याची चूक ही. पहाटे पाचला भात उतरवायचा, सातला गरमागरम डब्यांत भरून झाकणं लावायची आणि पाहुणे आले की बाराला वाटायचा. भातातल्या काही जिवाणूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात कोमट झाला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही, त्यामुळं ‘परत एक वाफ काढू’ हा उपाय नव्हे. शिजवलेलं अन्न एकतर 60 अंशांच्या वर कडकडीत गरम ठेवायचं, नाहीतर दोन तासांच्या आत पोटात जायला हवं. झाकण लावल्यावर आतून पाणी सुटतं, त्यानं आंबायला आणखी मदत होते.

म्हणून पंगत असेल तिथं भात, आमटी, खीर जरूर करा आणि पातेली मंद आचेवर ठेवा. पाकिटं वाटायची असतील तर पुरी, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि एक लाडू द्या. ओल्या खोबऱ्याची चटणी, बासुंदी, दह्याची कोशिंबीर पाकिटात नकोच. भाजीही कांदा घालून ओलसर करू नका. दिवाळीत सगळीकडून गोडच येतं, म्हणून साखर असलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी काही पाकिटं बिनगोडाची वेगळी बांधा.

फोटोबद्दल फार लिहीत नाही. पदार्थांचे, आचाऱ्याचे, स्वयंसेवकांचे हवे तेवढे काढा. घेणाऱ्याचा चेहरा आणि पुढं केलेला हात नको.

उरलेलं गाईला

पंगत उठल्यावर अर्धं पातेलं भात उरला की कुणीतरी म्हणतंच, ‘गोठ्यात नेऊन टाका, पुण्य लागेल.’ रवंथ करणाऱ्या जनावरानं शिजवलेला भात, पुऱ्या, खीर एकदम भरपूर खाल्ली की पोटात आम्ल वाढतं, जनावर फुगतं, प्रसंगी दगावतंही. वृद्धाश्रमात पाठवायचं असेल तर सकाळीच तिथं फोन करून ठेवा आणि अन्न गरम असतानाच न्या. दुपारी चारला ‘उरलंय, घेता का?’ असा फोन करू नका. चारपर्यंत बाहेर राहिलेलं अन्न खतासाठी खड्ड्यात जाऊ द्या. पत्रावळ्या पानांच्या असतील तर त्याही त्यातच जातील, थर्माकोलच्या असतील तर जाणार नाहीत.