खुर्चीखाली पिवळी भुकटी दिसली? बांबू-लाकडाच्या कामात या चुका टाळा

सकाळी झाडताना खुर्चीच्या पायाशी पिठासारखी पिवळसर भुकटी दिसली, तर धूळ समजून सोडून देऊ नका. आत भुंगा लागलाय. कमानदार पाठीच्या माझ्या पहिल्या सहा खुर्च्या अशाच गेल्या. वाकवण्यात, घासण्यात महिना घातला होता, पण बांबू कधी तोडला हे विचारलंच नव्हतं. तो निघाला पोळ्याच्या सुमाराचा. गिऱ्हाइकाच्या घरी चार महिन्यांत खुर्च्यांचे पाय आतून पोखरले गेले.

चंद्रपूर-गडचिरोलीकडचा मानवेल बांबू जवळजवळ भरीव असतो, म्हणून खुर्चीला तो उत्तम. पण त्यातल्या पिष्टावरच भुंगा जगतो. रानात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, फुटायचे दिवस टाळा. दिवाळीनंतर थंडीत तोडलेला, तीन-चार वर्षांचा बांबू घ्या. कोवळा बांबू हिरवागार, चकचकीत दिसतो आणि वाळला की सुरकुततो. जून, म्हणजे पक्क्या झालेल्या बांबूवर पांढुरके डाग असतात, ठोकला की खणखणतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा ग्रामसभेला २०११ मध्ये आपल्या बांबूचे वाहतूक पास स्वतः देण्याचा हक्क मिळाला. माल थेट गावाकडून घेता आला, तर तोडणीचा महिना तोडणाऱ्यालाच विचारता येतो.

वरून वॉर्निश फासलं की झालं, असं समजू नका. बांबूची साल औषध आत घेतच नाही. पोकळ बांबूच्या गाठी लांब सळईने आरपार फोडा. भरीव असेल तर प्रत्येक पेरात बारीक भोक पाडा. १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स, म्हणजे टाकणखार, आणि २ किलो बोरिक ॲसिड विरघळवा आणि बांबू आठ-दहा दिवस पूर्ण बुडवून ठेवा. वर दगड ठेवा, नाहीतर तरंगतो. मग सावलीत उभा करून वाळवा. टाकीजवळ लेकरं-जनावरं येऊ देऊ नका, उरलेलं पाणी विहिरीकडे किंवा नाल्यात जाऊ देऊ नका. हे औषध पावसात धुऊन जातं, त्यामुळे अशी खुर्ची उघड्या अंगणात ठेवायची नाही.

भुंगा आधीच लागला असेल, तर हेच पाणी सिरिंजने भोकांत सोडा आणि वाळल्यावर भोकं मेणाने बुजवा. नंतर पुन्हा ताजी भुकटी पडली, तर तो बांबू बदलाच.

खिळा सरळ ठोकू नका. बांबूचे तंतू उभे असतात, तो टराटरा फाटतो. गाठीजवळ ड्रिलने भोक पाडून बांबूचीच खुंटी मारा.

बाभळीच्या किंवा सागाच्या ओंडक्याचा स्टूल आपल्या ४५ अंशांच्या मे महिन्यात गाभ्यापासून कडेपर्यंत तडकतो. लाकूड गाभ्याकडे जेवढं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट गोलाईच्या दिशेने आकसतं, म्हणून ही चीर. ओंडका कापला त्याच दिवशी दोन्ही तोंडांना वितळलेलं मेण लावा. मागच्या बाजूला गाभ्यापर्यंत करवतीची एक उभी फट द्या. ताण तिथे मोकळा होतो आणि पुढची बाजू वाचते. उन्हाळ्यातली चीर भुसा-गोंदाने घाईने बुजवू नका, पावसाळ्यात लाकूड फुगलं की तो भराव बाहेर येतो.

जवसाचं तेल आपल्या भागातलं, मला फार आवडतं. पण जाड हात दिला की ते आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. पातळ लावा, जास्तीचं पुसून घ्या. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

आता दिवे. कामट्यांच्या, म्हणजे बांबूच्या पातळ पट्ट्यांच्या, दिव्यात जुना ६० वॅटचा बल्ब लावू नका. कामट्या आतून करपतात, ठिसूळ होतात. ७ वॅटचा एलईडी पुरे, तरीही वरचं तोंड उघडं ठेवा. दिव्याचं वजन वायरवर टाकू नका, वेगळ्या दोरीने टांगा. आणि वीण पक्की करण्याआधी खोलीत अंधार करून आत बल्ब धरून पाहा. बोटभर फटींची सावली भिंतीवर जाळ्यासारखी पसरते, दाट विणीत नुसता डाग पडतो. विणणाऱ्याला हे दिवसा कळत नाही.

कूलरसमोर दिवा टांगणं तर घरोघरी दिसतं. पंधरा दिवसांत काळी बुरशी येते. आली तर वायर काढून दिवा कोवळ्या उन्हात ठेवा आणि कोरड्या ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसलं तर ती कामट्यांच्या फटींत आणखी आत जाते.